पुतळे करायचेत आणि पोटही भरायचंय? मग हे वाचा

बारावीनंतर शिल्पकलेला जाऊ का असं विचारणारी पोरं दरवर्षी भेटतात, सोबत आईवडील असतात आणि त्यांचा एकच प्रश्न, पोट भरेल का. भरतं, पण सुरुवातीला नुसत्या पुतळ्यांवर नाही. मी इथे नाशिकला शाळेत चित्रकला शिकवतो आणि बाकी वेळात पुतळ्यांची कामं घेतो, कारण पुतळ्याचं पेमेंट हप्त्याहप्त्याने येतं आणि शेवटचा हप्ता अनावरण होऊन गेल्यावर किती लटकेल ते देव जाणे.

शिक्षणाचं पटकन सांगतो. शाळेत असतानाच एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा देऊन टाका, इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला ७ मार्क वाढीव मिळतात. पुढे बीएफए स्कल्प्चर, म्हणजे शिल्पकलेची पदवी, ४ वर्षं, त्याला राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झालंय म्हणून त्यांचे नियम वेगळे बघा. शाळेत शिकवायचं तर एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून ठेवा, पण अनुदानित शाळेत पूर्णवेळ जागा निघणं आता अवघडच, बरेच जण तासिकांवर राबतायत. गणपतीच्या आधी शाडूचे वर्कशॉप घ्यायला लाजू नका, चांगले पैसे सुटतात. शिल्पकार राम सुतार आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले, १८२ मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटी त्यांचा, पण जेजेनंतर त्यांनीही आधी वेरूळला पुरातत्त्व खात्यात जुन्या मूर्तींच्या दुरुस्तीची नोकरी केली होती.

बघायला लांब जायची गरज नाही. पांडवलेणीत तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली तुळया पेलणारे सहा गण आहेत, त्यांच्या खांद्यावर, मानेवर भार कसा दाखवलाय ते वही घेऊन बसून काढा. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिरही तसंच वही घेऊन बघा.

आता खरं काम. पुतळा चौकात १२ फुटी चौथऱ्यावर बसणार आणि लोक खालून बघणार, त्यामुळे समोरून परफेक्ट दिसणारं डोकं वर गेल्यावर बारीक वाटतं, ते किंचित मोठं घ्यावं लागतं. मातीचं मॉडेल उंच ठेवून स्वतः जमिनीवर बसून बघायचं. मग त्या क्ले मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, ती आल्याशिवाय मोल्डला हात लावायचा नाही, आणि तोपर्यंत नाशिकच्या एप्रिलमध्ये माती तडकू नये म्हणून ओली गोणपाटं आणि वर प्लास्टिक, रोज, सुट्टी नाही. मान्यतेनंतर मोल्ड म्हणजे साचा, मेणाची कॉपी, ब्राँझचं ओतकाम, वेल्डिंग, चिझलिंग म्हणजे छिन्नीने सफाई, आणि शेवटी पॅटिना म्हणजे धातूवर रंग चढवणं. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर, फुटपाथवर नवीन पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं सांगितलंय, म्हणून जागेची परवानगी हातात बघितल्याशिवाय ॲडव्हान्सवर खूश होऊ नका. पुतळा बसवणाऱ्या समितीचे लोक "ते आम्ही बघतो" म्हणतात. कागद मागा.

आतल्या सांगाड्याला स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्याच. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. समुद्राचं वारं आपल्याकडे नाही, पण गंज आणि वादळ आहेच. फ्रेम आणि बोल्टचं काम अंबड, सातपूरच्या फॅब्रिकेटरकडे छान होतं.

कोटेशन कोणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर. समिती ६ फुटाचा रेट विचारते आणि मग १२ फूट करा, डबल देतो म्हणते. उंची डबल झाली की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे आतून पोकळ पुतळ्याचा पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवला तरी ब्राँझ चौपट लागतं, आणि ब्राँझमध्ये साधारण ८५ टक्के तांबं, त्याचा भाव रोज हलतो. त्यामुळे फुटावर रेट देऊच नका, अंदाजे वजन काढा, किलोवर द्या आणि कोटेशन किती दिवस लागू ते लिहा. चौथरा कोणाचा, क्रेन कोणाची, मान्यतेनंतर कुणा नेत्याला मिशी वेगळी हवी झाली तर जादा किती, हे सगळं करारात घ्या. मिशीचं हसण्यावारी नेऊ नका, ते होतंच.