नेटबँकिंगचा पासवर्ड न देता बँकेचे स्टेटमेंट कर्ज देणाऱ्यापर्यंत कसे पोहोचवावे

‘मागच्या बारा महिन्यांचे स्टेटमेंट जोडा’ अशी ओळ कर्जाच्या अर्जात आली की सल्लागार उगवतात. एजंट सांगतो, नेटबँकिंगचा आयडी-पासवर्ड इथे टाका, दोन मिनिटांत काम होईल. घरातला कुणीतरी सांगतो, पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाक आणि खाली तिचा पासवर्डही लिहून दे. कर्जाच्या फाइली करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि हे दोन्ही सल्ले ऐकून माझे कान किटले आहेत.

पहिला सल्ला तर धोक्याचाच. स्टेटमेंट बघायला दिलेल्या पासवर्डने खात्यातले बाकीचेही बरेच काही करता येते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच गुप्त तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाच्या माथी. पीडीएफचा त्रास वेगळा. ती एकदा बाहेर गेली की कुणाकुणाच्या फोनमध्ये किती वर्षे पडून राहील याला धरबंध नाही आणि ती परत मागवताही येत नाही.

सरळ मार्ग अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेतली माहिती कर्जदात्यापर्यंत नेणाऱ्या मधल्या कंपनीचा. बोलताना सगळे ‘एए’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने यासाठीचे नियम २०१६ मध्ये केले आणि सप्टेंबर २०२१ पासून मोठ्या बँका त्यात येऊ लागल्या. तुमची बँक माहिती कुलूपबंद करून पाठवते आणि ते कुलूप फक्त ज्याला माहिती हवी आहे त्या कर्जदात्याकडेच उघडते. मधल्या एए कंपनीला ती वाचता येत नाही आणि साठवून ठेवायला परवानगी नाही. पैसे इकडून तिकडे करण्याची सोय या वाटेवर नाहीच. महत्त्वाचे म्हणजे, बँकेचा पासवर्ड किंवा पिन मागायलाच एएला नियमाने बंदी आहे. त्यामुळे ‘एए’च्या नावाखाली एखाद्या पडद्यावर नेटबँकिंगचा पासवर्ड मागितला, तर तो पडदा एएचा नाही. तिथेच बंद करा.

१. आधी बघून घ्या

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर चालू हवा आणि तो फोन हाताशी हवा. नंबर जुना असेल तर आधी शाखेत जाऊन बदला, त्याशिवाय पुढचे काहीच चालणार नाही. पतसंस्थेतले खाते इथे सापडणार नाही. नागरी सहकारी बँकाही सगळ्या यात जोडलेल्या नाहीत. तुमचा सगळा व्यवहार अशाच ठिकाणी असेल तर शाखेतून शिक्क्यासह स्टेटमेंट घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

२. सुरुवात अर्जाच्या पानावरून

कर्ज देणाऱ्याच्या वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये स्टेटमेंट देण्याचे पर्याय येतात, त्यातला अकाउंट ॲग्रिगेटरचा निवडा. पुढच्या पडद्यावर फिनव्हू, वनमनी, अनुमती, कॅम्सफिनसर्व्ह यांच्यासारखे एखादे नाव दिसेल. नाव अनोळखी वाटले तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत शोधा. एजंटने मेसेजमधून पाठवलेल्या लिंकवरून यातले काहीही सुरू करू नका.

३. दोन ओटीपी

पहिला ओटीपी एएकडून येतो, नंबर तुमचाच आहे हे तपासायला. मग त्या नंबरवरची खाती शोधली जातात. म्युच्युअल फंड वगैरेंसाठी पॅनही विचारतात. दुसरा ओटीपी तुमच्या बँकेकडून येतो, सापडलेले खाते जोडायला. दोन्ही मेसेज पूर्ण वाचा. ‘खाते जोडण्यासाठी’ असे लिहिलेले नसेल आणि त्याऐवजी रक्कम दिसत असेल, तर तो ओटीपी टाकायचा नाही. फोनवर कुणाला वाचून तर अजिबात दाखवायचा नाही, भले समोरचा ‘मी बँकेतूनच बोलतोय’ म्हणो.

सापडलेल्या सगळ्या खात्यांवर बऱ्याचदा आधीच खूण केलेली असते. पगाराचे खाते पुरेसे असेल तर बाकीच्यांवरची खूण काढा. मुदत ठेवी आणि फंड दाखवले म्हणून कर्ज लवकर मिळते, हे एजंटांचे म्हणणे मला कधीच पटलेले नाही. मागितले तेवढेच द्यावे.

४. संमतीचा पडदा

खरे काम इथे आहे, आणि नेमक्या इथेच लोक ‘मंजूर’ दाबून मोकळे होतात. ओटीपी टाकला म्हणजे परवानगी देऊन झाली असे त्यांना वाटते. ओटीपीने फक्त तुमची ओळख पटली आणि खाते जोडले गेले. काय, कशासाठी आणि किती दिवस द्यायचे, हे सगळे या पडद्यावर ठरते. बऱ्याच ठिकाणी अर्धी माहिती ‘अधिक तपशील’ या बारीक अक्षरांच्या ओळीखाली दडलेली असते. ती ओळ उघडल्याशिवाय पुढे जायचे नाही, एवढे तरी माझे ऐका.

सुरुवातीला मलाही या पडद्यावरच्या तारखांचा मेळ लागत नसे. कारण तिथे काळ एक नसतो, तीन असतात आणि तिन्ही एकमेकांसारखे दिसतात.

पहिला काळ संमतीचा, म्हणजे ही परवानगी कोणत्या तारखेला संपते. दुसरा माहितीचा, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे व्यवहार दिले जाणार. तिसरा साठवणीचा, इंग्रजी पडद्यावर ‘डेटा लाइफ’, म्हणजे मिळालेली माहिती समोरचा किती काळ जवळ ठेवणार. लोक दुसरा बघतात, ‘बारा महिने, बरोबर आहे’ म्हणतात आणि पहिल्या-तिसऱ्याकडे ढुंकून बघत नाहीत. बारा महिन्यांचे व्यवहार मागणारी संमती तीन वर्षे चालू राहणारी असू शकते. साठवणीचा काळ त्याहूनही लांब असू शकतो.

दुसऱ्या काळाची शेवटची तारीख खास तपासा. ती आजची किंवा मागची असेल तर ठीक. ती पुढच्या वर्षातली दिसली, तर आज अस्तित्वातच नसलेल्या व्यवहारांवरही तुम्ही सही करत आहात.

मग ‘किती वेळा’. एकदाच की ठरावीक काळाने? ठरावीक काळाने असेल तर शेजारी महिन्यातून एकदा, रोज एकदा असे काहीतरी लिहिलेले असते. आणि ‘कशासाठी’. या संमतीचा साचा रिझर्व्ह बँकेच्या रेबिट या उपकंपनीने ठरवून दिला आहे. त्यात हेतूंना ठरावीक क्रमांक आहेत: १०५ म्हणजे एकदाच माहिती घेणे, १०४ म्हणजे खात्यावर देखरेख. क्रमांक पडद्यावर दिसेलच असे नाही, पण त्याचे शब्द दिसतात. ‘मॉनिटरिंग’ असा शब्द वाचलात की थांबा.

माझे मत पक्के आहे. अर्ज करताना फक्त एकदाची संमती द्यावी. कर्ज मिळाल्यावर हप्ते फिटेपर्यंत खात्यावर नजर ठेवायची असेल, तर ती वेगळी मागणी आहे. ती कर्ज मंजूर झाल्यावर, करारात वाचून, वेगळी द्यावी. काही कर्जदाते दोन्ही मागण्या एकाच पडद्यावर एकाखाली एक लावतात आणि दोन्हींना मिळून एकच बटण असते. असे दिसले की खाली सरकवून दुसरी संमती वाचा. माझ्याकडे आलेल्या एका किराणा दुकानदाराचा अर्ज नामंजूर झाला होता, पण त्याच्या खात्याची माहिती दर महिन्याला जातच होती. कारण नामंजुरीने संमती आपोआप संपत नाही.

शेवटचे म्हणजे माहितीचा प्रकार. इथे तीन डबे असतात. व्यवहारांची यादी, खात्याचा गोषवारा (शिल्लक वगैरे) आणि प्रोफाइल. प्रोफाइलमध्ये नाव-पत्त्याबरोबर जन्मतारीख, पॅन, ईमेल, वारस नोंदवला आहे की नाही, असे सगळे येते. कर्जदात्याने केवायसी आधीच केलेली असते, तरीही प्रोफाइल मागतात. त्यावर मी फार वाद घालत नाही. पण खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या ॲपने ते मागितले तर का, हे जरूर विचारतो. अशा ॲपला ठरावीक काळाने माहिती लागणार हे मात्र उघड आहे. तिथे एकदाच्या संमतीचा हट्ट धरून उपयोग नाही, मुदत तेवढी कमी बघावी.

आता अडचण अशी की या पडद्यावर बहुतेक वेळा तुम्हाला काहीच बदलता येत नाही. खाती निवडता येतात, तारखा नाही. मंजूर करा किंवा नाकारा, एवढेच. मग नाकारा. नाकारल्याने अर्ज कायमचा बाद होतो ही भीती एजंट घालतात. प्रत्यक्षात कर्जदात्याला नवी मागणी पाठवता येते. त्यांच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा: ‘एकदाची संमती, आजपर्यंतचे बारा महिने, साठवण अर्जाचा निर्णय होईपर्यंत.’ ‘सिस्टीममध्ये तसेच येते’ असे उत्तर आले तर बँकेकडून डिजिटल सहीचे स्टेटमेंट घेऊन द्या, किंवा सरळ दुसरा कर्जदाता बघा. बाजारात कर्ज देणाऱ्यांचा तुटवडा नाही.

त्याच ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग किंवा फोटो-फाइली मागितल्या तर विचारही करू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच डिजिटल कर्जवाल्यांना त्याला मनाई केली आहे.

५. काम झाले की संमती मागे घ्या

कर्जाचे ॲप फोनमधून काढून टाकले की सगळे बंद झाले, हा सर्वात जास्त पसरलेला गैरसमज. ॲप गेले तरी संमती एएकडे जिवंतच असते. ज्या एएमधून दिली त्याच एएच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर त्याच मोबाइल नंबरने जा, चालू संमतींची यादी उघडा आणि ‘रिव्होक’ करा. दुसऱ्या एएमध्ये ती दिसणार नाही. कोणता एए होता ते आठवत नसेल तर त्या दिवशीचे एसएमएस शोधा. तुमच्या एए आयडीच्या शेवटीही कंपनीचे नाव असते: आधी मोबाइल नंबर, मग ॲटचे चिन्ह (@), मग नाव. एखादी संमती सध्या थांबवून नंतर परत सुरू करण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी असते, पण अर्जाचे काम संपले असेल तर थांबवू नका, मागेच घ्या.

मागे घेतल्याने पुढची माहिती थांबते, आधी गेलेली परत येत नाही. तिच्यावर साठवणीचा काळ लागू राहतो, म्हणूनच वर त्या तिसऱ्या तारखेसाठी एवढा कंठशोष केला. कर्ज मिळाले असेल तर कर्जदाता काही नोंदी ठेवणारच. अर्ज फेटाळला गेला असेल तर माहिती पुसून टाकल्याचे ईमेलवर लेखी मागा आणि तो ईमेल जपून ठेवा.

यादीत अनोळखी संमती दिसली तर आधी ती मागे घ्या, चौकशी नंतर करा. खाते त्या एएपासून तोडण्याचा पर्यायही तिथेच असतो. पुढच्या कर्जाला लागलेच तर ते पुन्हा एका ओटीपीत जोडता येते.