.डेब पॅकेजची माहिती बदलताय? या चुका टाळा

.डेब म्हणजे डेबियन-उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवायची फाइल. ‘डीपीकेजी-डेब --रॉ-एक्स्ट्रॅक्ट’ने ते पॅकेज उलगडायचं, आतल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये (यात नाव, व्हर्जन, वर्णन असतं) हवं ते बदलायचं, ‘--बिल्ड’ने पुन्हा बांधायचं. डेबियन-उबुंटूवर एवढं पाच मिनिटांत जमतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

सगळ्यात मोठा घोळ व्हर्जनच्या ओळीत होतो. एका ऑफिसात चाचणीचं पॅकेज ‘२.०आरसी१’ या नावाने सगळ्या मशीनवर गेलं. पुढे पक्कं ‘२.०’ आलं, पण ते एकाही मशीनवर चढेना. लोक सर्व्हर, कॅशे, सह्यांच्या किल्ल्या तपासत बसले; ती एक ओळ कोणी पाहिलीच नाही. डीपीकेजीच्या (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिशेबात २.०आरसी१ हे २.०पेक्षा मोठं. मध्ये टिल्ड हवा होता: २.०~आरसी१. टिल्ड लागला की ते २.०च्या आधीचं ठरतं. कारण कळल्यावरही घाई सुटली नाही. कोणीतरी पुढे ‘१:’ असा इपॉक (बाकी व्हर्जनच्या आधी तपासला जाणारा आकडा) लावून मोकळं झालं. आता पुढच्या प्रत्येक व्हर्जनला तो इपॉक लावावाच लागतो, कारण काढला की नवं पॅकेज जुनं ठरतं. ‘२.०.१’ काढलं असतं तरी भागलं असतं! मी बांधण्याआधी ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ला दोन्ही व्हर्जनं देतोच. ही कमांड स्वतः काही छापत नाही, म्हणून मागे ‘&& इको हो’ जोडतो.

दुसऱ्याचं पॅकेज बदलून व्हर्जन तेच ठेवू नका. ‘२.०-१+लोकल१’ असं करा. ते मूळच्या वर आणि २.०-२च्या खाली बसतं. अधिकृत २.०-२ आल्यावर तुमचा बदल पुसला जाईल, तेव्हा तो नव्याने करा. कायमचा होल्ड लावून (म्हणजे पॅकेजचे अपडेट रोखून) बसणं मला पटत नाही, सुरक्षेचे अपडेटही त्यात अडकतात.

बांधताना ‘--रूट-ओनर-ग्रुप’ द्या, नाहीतर फाइलींची मालकी तुमच्या युजर क्रमांकाची राहते आणि दुसऱ्या मशीनवर तो क्रमांक भलत्याचाच असू शकतो.

कंट्रोल फाइलमधल्या वर्णनाच्या पहिल्या ओळीनंतरच्या ओळी एका स्पेसने सुरू होतात. रिकाम्या ओळीच्या जागी स्पेस आणि टिंब.

एरर गप्प करायला ‘डिपेंड्स’मधून (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीतून) लायब्ररीचं नाव खोडणं तर मुळीच नको. इन्स्टॉल होईल, प्रोग्रॅम चालणार नाही.

शेवटी ‘डीपीकेजी --इन्फो’ने सगळं वाचा. कॅपिटल ‘-आय’नेही तेच दिसतं, पण घाईत लहान आय पडला की रूट (सर्वाधिकारी युजर) असताना पॅकेज थेट इन्स्टॉल होतं. म्हणून मी पूर्ण शब्दच टाइप करतो.