कलाशिक्षकांनो, चित्रं टांगायला जा

ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका करून नव्यानं शाळेत लागणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहानं सांगतो. सुट्टीत एखाद्या कलादालनात जा, पण प्रदर्शन पाहायला नव्हे, लावायला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करून घेणं आपल्याला येतं. मात्र गॅदरिंगच्या वेळी चित्रप्रदर्शन आपल्याच गळ्यात पडतं आणि ते कसं मांडायचं, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची, यासाठी फार चांगली जागा. तिथली प्रदर्शनं सहसा मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात, त्यामुळे चढवाउतरवीची घाई कायमचीच. ओळखीच्या चित्रकाराला "मदतीला येऊ का?" विचारा, नाही म्हणणार नाही. चित्रं आधी भिंतीला टेकवून ठेवतात आणि मग वाद सुरू होतो, कोणतं कोणाशेजारी? भडक लाल कॅनव्हासशेजारी फिकं जलरंगचित्र पार मरतं. तेच समोरच्या भिंतीवर एकटं लावलं की लोक थांबतात. काही चित्रं तर चांगली असूनही टेम्पोतून परत जातात. क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शनासाठी चित्रं निवडून मांडणाऱ्याचं, निम्मं कसब या वगळण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

तंत्र हाताला लवकर बसतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, कागदावरच्या कामाला प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, मापं लिहिताना आधी उंची, मग रुंदी.

शाळेत पाचवीच्या मुलांसाठी मी उंची ११० सेंटिमीटरवर आणली. निवड मुलांच्या गटाकडे सोपवली. घेतलेल्या प्रत्येक चित्राखाली 'का घेतलं' ते दोन ओळींत लिहायचं. आठवीतल्या एका मुलीनं पोळ्याच्या बैलांची चित्रं सलग लावलीच नाहीत, मध्ये मध्ये पावसाची लावली. खाली लिहिलं, "पाऊस नाही आला तर पोळा कसला?" ही जुळवणी मला सुचली नसती.

पालक विचारतातच, आमच्याचं चित्र कुठंय? उरलेली चित्रं फाईलमध्ये लावून टेबलावर ठेवा, तक्रार राहत नाही.

साताऱ्याकडच्यांना मुंबई लांब पडते. त्यांनी औंधचं श्री भवानी संग्रहालय गाठावं. १९३८ सालचं आहे, रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं तिथे आहेत. एकच दालन निवडा आणि वहीत त्याचा नकाशा काढा: कोणतं चित्र कुठे, खिडकी कुठे, उजेड कुठून येतो.