‘सुपरसीड’ : स्पेलिंगची किल्ली मुळात आहे

‘सुपरसीड’ हे इंग्रजी क्रियापद रोजच्या बोलण्यात क्वचितच येते. परिपत्रके, करार आणि नोकरीतील आदेश यांत मात्र ते ठाण मांडून असते, आणि नेमक्या अशा औपचारिक लेखनातच त्याचे स्पेलिंग चुकते. ते कायमचे बरोबर यावे असे वाटत असेल, तर पाठांतराआधी शब्दाचे मूळ पाहावे.

हा शब्द लॅटिनमधील ‘सुपरसेदेरे’ या क्रियापदापासून आला. ‘सुपर’ म्हणजे वर आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. लॅटिनमध्येच ‘वर बसणे’ या अर्थाबरोबर ‘एखाद्या गोष्टीपासून परावृत्त होणे’ असाही अर्थ त्याला आला होता, आणि न्यायालयांनी तो उचलला. निकालाची किंवा हुकुमाची अंमलबजावणी रोखणाऱ्या आज्ञालेखाला इंग्लंडमध्ये ‘सुपरसीडिअस’ म्हणत. त्या लॅटिन रूपाचा भाव ‘तू थांबावेस’ असा आहे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या क्रियापदाचा आरंभीचा अर्थही पुढे ढकलणे, तहकूब करणे असाच होता. जुन्याला हटवून त्याच्या जागी येणे हा आजचा अर्थ सतराव्या शतकात रुळला.

मराठी वाचकाला हे मूळ परके वाटू नये. लॅटिन ‘सेदेरे’ आणि संस्कृत ‘सद्’ हे एकाच आदिम धातूचे वंशज आहेत. संसद, परिषद, सदन आणि उपनिषद हे शब्द ‘सद्’पासूनच झाले, आणि इंग्रजीतील ‘सिट’ हाही त्याच कुळातला. म्हणून लिहिताना संसदेतला ‘सद्’ आठवावा आणि ‘सुपर’नंतर ‘एस’ लिहावा: एस, यू, पी, ई, आर, एस, ई, डी, ई.

चूक होते ती या सहाव्या अक्षरात, आणि तिला कारण आहे. ‘प्रिसीड’, ‘रिसीड’, ‘कन्सीड’, ‘इंटरसीड’ यांचा शेवट ‘सी, ई, डी, ई’ असा होतो, कारण ते ‘जाणे, मागे सरणे’ अशा अर्थाच्या ‘चेदेरे’ या वेगळ्या लॅटिन धातूपासून आले आहेत, ज्याचा जुना उच्चार ‘केदेरे’ असा होता. ‘एक्सीड’, ‘प्रोसीड’ आणि ‘सक्सीड’ या तिघांत ‘सी’नंतर दोन ‘ई’ येतात. कानाला सगळी अखेर ‘सीड’च ऐकू येते, त्यामुळे हात सवयीने ‘सी’कडे वळतो. हा गोंधळ जुना आहे; मध्ययुगीन हस्तलिखितांतही ‘सी’चे रूप आढळते. तरीही औपचारिक लेखनात आज ते चूकच समजले जाते. शंका आली तर नाम करून पाहावे, ही माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी आहे: ‘सुपरसेशन’च्या पोटात बैठक या अर्थाचा ‘सेशन’ जसाच्या तसा, ‘एस’ने सुरू होणारा सापडतो, तर ‘कन्सेशन’मध्ये तेथे ‘सी’ असतो.

अर्थ लावताना कोण कोणाच्या जागी बसले, हे आधी ठरवावे. नवा आदेश जुन्याला ‘सुपरसीड’ करतो, उलट कधीच नाही. नुसते रद्द करण्यात जागा रिकामी राहू शकते. येथे ती भरली जाते. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे संचालक मंडळ ३० दिवसांसाठी ‘सुपरसीड’ केले, तेव्हा मंडळाच्या जागी प्रशासक नेमला गेला. मराठीत अशा वेळी ‘बरखास्त’ लिहितात आणि ते चालते, पण जागा कोणी घेतली हे त्या शब्दातून कळत नाही, म्हणून पुढच्या वाक्यात ते सांगावे. नोकरीत कनिष्ठाला ज्येष्ठाच्या आधी बढती मिळाली, तर डावलल्या गेलेल्या ज्येष्ठाविषयी ‘तो सुपरसीड झाला’ असे म्हणतात.

शासन निर्णयांत यासाठी ‘अधिक्रमित करणे’ हा शब्द रूढ आहे, आणि तो मला फार नेमका वाटतो, कारण ‘अधि’मध्ये ‘वर’ हा अर्थ आहेच. तो घाईत ‘अतिक्रमित’ लिहू नये, कारण अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणे. तसेच इंग्रजी परिपत्रकात ‘इन पार्शल मॉडिफिकेशन’ असे असेल, तर जुना आदेश अंशतःच बदललेला असतो आणि उरलेला भाग लागू राहतो. ‘इन सुपरसेशन’ असेल, तर जुना बाजूला ठेवून नवाच वाचावा.