घरात बाळ, ताटात गोंधळ: या चुका टाळा

बाळ घरी आलं की एकाच ओट्यावर तीन स्वयंपाक सुरू होतात. एक बाळंतिणीचा, साजूक तुपातला आणि बिनतिखटाचा. दुसरा आल्यागेल्यांसाठी. तिसरा मोबाइलवर, रात्री अकराला, कारण दिवसभर राबणाऱ्याने स्वतःसाठी काही ठेवलेलंच नसतं. सहा महिन्यांनी बाळाची मऊ वाटी आली की चौथा. एवढं रोज कुणालाच झेपत नाही, आणि झेपेनासं झालं की सगळ्यात आधी आईचं जेवण बुडतं.

म्हणून आधीच सांगते, माझा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: कुकर एकच लावा, ताटं वेगळी वाढा. बाळाचं खाणं सुधारायचं तर सुरुवात घराच्या रोजच्या स्वयंपाकापासून करावी लागते.

बाळंतिणीला तूप भरपूर, बाकी सगळं वर्ज्य

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, बाळंतशेपा यांच्याशी माझं भांडण नाही. अळिवात लोह चांगलं असतं आणि रात्री दोनला भूक लागली की लाडवासारखं सोयीचं दुसरं काही नाही. भांडण आहे ते ‘चालत नाही’च्या यादीशी. पालेभाजी नको, कडधान्य वातूळ, फळं थंड, ताकाने बाळाला सर्दी होईल, पाणी जास्त प्यायलीस तर पोट सुटेल. एवढं सगळं वगळलं की उरतं काय? भात, तूप, गोड.

आईच्या पोटात झालेला गॅस दुधात उतरत नाही. वालाची उसळ खाऊन तिचं स्वतःचं पोट फुगेल, पण बाळाचा पोटशूळ त्या उसळीवर ढकलता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२० कॅलरी आणि १३ ग्रॅम. कॅलरी दोन-तीन लाडवांत भरून निघतील, प्रथिनं निघणार नाहीत. त्यासाठी नेहमीच्या जेवणावर एक वाटी घट्ट वरण, एक अंडं आणि पेलाभर दूध लागतं. अंडं चालत नसेल तर उसळ किंवा पनीर. पाण्याचं माप मोजू नका, पाजायला बसताना तांब्या हाताशी ठेवा.

लोहाच्या गोळ्या दवाखान्यातून घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये जातात आणि तिथेच राहतात. सरकारी कार्यक्रमात त्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. चहासोबत घेऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता मध्ये दोनेक तास जाऊ द्या. कोणती गोळी किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार आली की घरात पावडरींचे डबे जमायला लागतात. त्याआधी लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजन वाढतंय, याचा अर्थ दूध पुरतंय. बाळ रडतंय म्हणजे उपाशीच आहे असं नसतं. दूध जितकं ओढलं जातं तितकं बनतं, म्हणून खरंच कमी वाटलं तर पाजण्याच्या वेळा वाढवा, विशेषतः रात्रीच्या. आईला झोप मिळावी म्हणून रात्री बाटली द्यायची पद्धत प्रेमापोटी येते, पण वरच्या दुधाने पाजणं टळत गेलं की त्यातूनच दूध कमी होऊ लागतं.

आणि हो, बाळ दोन महिन्यांचं होत नाही तोच सोळा तासांचा उपास सुरू करू नका. अंग हळूहळू उतरतं. लग्नातला ब्लाउज थांबेल.

थकव्याला प्लॅन करून हरवायला जाणं

नवे आईबाबा एखाद्या रविवारी ठरवतात, उद्यापासून मैदा बंद, साखर बंद, बाहेरचं बंद. बुधवारी बिर्याणी येते. इच्छाशक्ती वगैरे काही कमी नसते, घरात पटकन खाण्यासारखं काही नसतं एवढंच. रात्रीच्या पाजण्यानंतर हात बिस्किटाच्या पुड्याकडे जातो, कारण पुडा पलंगाजवळ असतो. तिथे भाजलेले चणे-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी आणि केळं ठेवा. एवढ्याने निम्मं काम होतं.

बाळाला बघायला येणारे झबल्यांचा ढीग आणतात. त्यातले जे विचारतात, ‘काय आणू?’, त्यांना संकोच न करता सांगा: भाजी-पोळीचा डबा. लोकांना उलट बरं वाटतं.

बाबांसाठी एक वाक्य. बाळाला अंघोळ घालतानाचा फोटो छानच येतो, पण रोजचा कुकर लावणं, कडधान्य भिजत घालणं आणि सकाळची कणीक मळणं तुमच्याकडे आलं तर घराचं खाणं खरोखर बदलेल. मदत म्हणून नाही, तुमचं काम म्हणून.

बाळाला वरणाचं पाणी

या चुकीवर जरा थांबते, कारण ती सगळ्यात सभ्य घरांत होते. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणाचं पाणी, भाताची पेज, सफरचंदाचा रस. पचायला हलकं म्हणून. हलकं असतंच, कारण त्यात पाण्याशिवाय फारसं काही नसतं. बाळाचं पोट छोटं. ते पेजेने भरलं की आईचं दूधही कमी प्यायलं जातं आणि वजनाचा आलेख आडवा होतो. शिवाय जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे याच वेळी वाटीत डाळ, अंडं, मऊ शिजवलेली पालेभाजी, आणि घरी चालत असेल तर काटे काढलेला मासा किंवा बारीक कुस्करलेलं चिकन हवं.

प्रत्यक्षात कसं करायचं? संध्याकाळी मूगडाळ-तांदळाची खिचडी घ्या. डाळ नेहमीपेक्षा थोडी जास्त, लाल भोपळ्याच्या चार फोडी, हळद, चिमूटभर हिंग. मीठ नाही, तिखट नाही. दोन शिट्ट्या जास्त होऊ द्या. झाकण पडलं की फोडणीच्या आधी बाळाचा वाटा बाहेर काढा. त्यावर अर्धा चमचा तूप, वाटीच्या बुडाने घोटा, मिक्सर लावू नका. आता चमचा तिरका करा. खिचडी ओघळून खाली पडली तर पातळ आहे, चमच्याला धरून राहिली तर बरोबर. मग उरलेल्या कुकरवर मोहरी-जिऱ्याची, लसूण-मिरचीची फोडणी ओता, मीठ घाला. आईला वरून तूप आणि वाटीभर दही, बाबांना लोणचं. बाळाच्या वाटीसाठी वेगळा वेळ लागला तो दोन मिनिटांचा.

सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरे, दिवसातून दोन-तीनदा, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा आणि जाडसर, हाताने उचलता येईल असं: मऊ शिजवलेल्या गाजराचे लांब तुकडे, मऊ इडली, वरणात भिजवलेली पोळी. वर्षभर सगळं गुळगुळीत वाटून दिलं तर नंतर प्रत्येक कण तोंडाबाहेर येतो आणि आपण म्हणतो, याला चावायचा कंटाळा. चावायची संधी कधी दिली होती?

नाचणी सत्त्वाबद्दल एक बारीक गोष्ट. नाचणीत कॅल्शियम खूप, १०० ग्रॅममध्ये साधारण ३६० मिलिग्रॅम, पण त्यातलं बरंचसं टरफलात असतं. भिजवून, वाटून, कापडातून गाळून पांढरंशुभ्र सत्त्व काढलं की तेच चोथ्याबरोबर जातं. मोड आणून, वाळवून, भाजून केलेलं पीठ चाळणीने चाळा, कापडाने गाळू नका.

मीठ, साखर, मध

वर्षाच्या आत वरून मीठ नको, दोन वर्षांच्या आत साखर नको. गूळही साखरच, रंग वेगळा इतकंच. ‘अळणी कसं खाईल बिचारं?’ हा आपल्या जिभेचा प्रश्न आहे. बाळाला तुलना करायला अजून दुसरी चवच ठाऊक नाही. गंमत म्हणजे बाळाचा वाटा अळणी काढायला लागलो की आपल्या आमटीतलं मीठही हळूहळू उतरतं.

मधावर मात्र तडजोड नाही. एक वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही, गुटीतही नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत आणि मध शुद्ध, रानातला असला तरी फरक पडत नाही. आजी म्हणणार, ‘तुला दिला होता, काय झालं?’ तेव्हा वाद न घालता पुढच्या लसीकरणाला आजींना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. उष्टावणाच्या चांदीच्या वाटीत साखरेच्या खिरीऐवजी मऊ भात आणि कुस्करलेलं केळं चालतं, सोहळा तेवढाच होतो.

पाकीटबंद तृणधान्यं आणि ‘बाळाची’ बिस्किटं घ्यायचीच तर पुढचं चित्र सोडा, मागचा मजकूर वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या तीन-चारांत असेल तर ते बाळासाठीचं गोड बिस्किट आहे, औषध नव्हे. दोन वर्षांखालच्या बाळांच्या पर्यायी दुधाच्या आणि शिशुआहाराच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी मोबाइलवर एखादी गोड आई डबा हातात धरून दिसली, तर ती काय करतेय हे ओळखा.

रजा संपते त्याच आठवड्यात वाटी सुरू

कायद्याने पहिल्या दोन बाळांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. म्हणजे जिला ती पूर्ण मिळते आणि बाळंतपणानंतर लागते, तिची रजा संपण्याची आणि बाळाच्या वरच्या अन्नाची वेळ एकच. आई ऑफिसला जायला लागली त्याच दिवशी नवी वाटी, नवा चमचा, भरवणारी नवी माणसं. मग बाळ खात नाही म्हणून फोन येतो आणि आई मीटिंगमध्ये रडते. भरवण्याचं काम रजा संपण्याच्या आधीच आजी, बाबा किंवा सांभाळणाऱ्या ताईंकडे द्यायला लागा, पहिले चमचे त्यांच्याच हातून जाऊ देत. आई सकाळ-संध्याकाळ आणि रात्री पाजत राहते.

काही अडलं तर

बाळ तोंड फिरवतं? आधी बघा, तासाभरात दूध प्यायलं आहे का, झोप आली आहे का, दात येतायत का. तिन्ही नसेल तर वाटी उचला, पुढच्या वेळी द्या. नाक दाबून, गाणी लावून, मोबाइल समोर धरून भरवलेली वाटी रिकामी होते, पण बाळाला आपलं पोट भरलं हे कळेनासं होतं. एखादी चव आठ-दहा वेळा नाकारून अकराव्यांदा खाल्ली जाते, त्यामुळे दुधी एकदा थुंकला म्हणजे दुधी आवडत नाही असा निकाल लावू नका.

शी घट्ट झाली? बहुधा भात आणि केळं जास्त, भाजी कमी. पिकलेली पपई, भिजवून कुस्करलेल्या मनुका, जेवताना दोन-चार घोट उकळून गार केलेलं पाणी.

ठसका लागून ओकारीसारखं करतं? तोंड लाल, आवाज येतोय, खोकतंय, तर हात घालू नका, ते स्वतः बाहेर काढेल. आवाज बंद, ओठ निळे, ही वेगळी गोष्ट: बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, अडकलेलं निघेपर्यंत आळीपाळीने, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, बालरोगतज्ज्ञांकडून एकदा करून दाखवून घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, खोबऱ्याचे तुकडे पाच वर्षांपर्यंत नकोतच. दाण्याचं बारीक कूट मात्र सहा महिन्यांनंतर वाटीत मिसळून चालतं, अंडंही. ॲलर्जीच्या भीतीने ते वर्ष-दोन वर्षं लांबवून फायदा नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि सकाळी द्या, म्हणजे पुरळ उठलं तर दिवसाउजेडी कळेल. बाळाला मोठा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन महिने वजन हललं नाही, बाळ मलूल आहे किंवा लघवी कमी होतेय, तर घरगुती उपाय थांबवा आणि दाखवा. अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, त्यावरची वजनाची रेघ डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगते.

पहिला वाढदिवस झाला की बाळ घरचंच, कमी तिखटाचं जेवू शकतं, आणि गाईम्हशीचं दूध पेल्यातून प्यायला द्यायची वेळही हीच. ते दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या आत ठेवा. दूधच पितंय, जेवत नाही, अशी मुलं गुबगुबीत दिसतात, पण रक्तात लोह कमी निघतं.