तलाठी भरतीसाठी नंदुरबार जिल्हा: कसा अभ्यास करायचा

नंदुरबारसाठी फॉर्म भरलेल्या नवीन मुलामुलींसाठी लिहितोय. मी याच जिल्ह्यात तलाठी झालो, सध्या धडगाव भागात आहे, त्यामुळे पेपरला आणि नंतर नोकरीत काय कामाला आलं तेवढंच सांगतो.

तालुक्यांची यादी पाठ करू नका, कोऱ्या कागदावर आधी तापी काढा. तापीच्या दक्षिणेला नंदुरबार आणि नवापूर, उत्तरेला सपाटीवर शहादा, तळोदा, पुढे डोंगराला भिडलेला अक्कलकुवा, आणि वर सातपुड्यात अक्राणी, त्यापलीकडे नर्मदा, तीच जिल्ह्याची उत्तर सीमा. झाले सहा तालुके. अक्राणी तालुक्याचं मुख्यालय धडगाव आहे, इथे भरपूर जणांचा मार्क जातो.

इतिहास मग आपोआप बसतो. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व-पश्चिम भाग झाले, पश्चिम खानदेश म्हणजे पुढचा धुळे जिल्हा. धडगावच्या माणसाला कलेक्टर ऑफिसचं काम निघालं की घाट उतरून, तापी ओलांडून थेट धुळं गाठावं लागायचं, १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला तेव्हा कुठे ते अंतर कमी झालं.

मेवासी संस्थानं मात्र नीट वाचा, गाईडमध्ये दोन ओळीत उरकतात. इंग्रजांच्या काळात अक्कलकुव्याकडे काठीसारखी भिल्ल प्रमुखांची छोटी संस्थानं होती, तिथे नेहमीचा महसुली कारभार नव्हता. डोंगरात बरीच वनगावं, म्हणजे वनखात्याच्या ताब्यातली गावं होती, ती तर फार उशिरा महसुली झाली, म्हणून आजही सातबारा आणि वनहक्क दावे (कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागणारे अर्ज) हाच इथल्या तलाठ्याचा मोठा विषय आहे. एक महसुली गाव म्हणजे पाच-सहा पाडे, घरं वेगवेगळ्या टेकड्यांवर, एका खातेदाराला भेटायचं तर अर्धा दिवस जातो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले साधारण ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत, भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तेव्हा पावरी-भिलीतली चार वाक्यं तरी शिकून या, लोक मोकळेपणाने बोलतात. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, तो पण पक्का करा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी पूर्ण अनुसूचित क्षेत्रात, नंदुरबार आणि शहादा अंशतः.

अजून एक, सरदार सरोवरात नर्मदाकाठची मणिबेलीसारखी गावं बुडाली, माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली, काही गुजरातेत गेली. त्यामुळे जुना नकाशा वाचताना गाव तेव्हा कुठे होतं आणि माणसं आता कुठे आहेत, दोन्ही लिहून ठेवा.