गावाचा आपत्ती आराखडा करताना या चुका टाळा

मे सरत आला की तहसीलमधून निरोप येतो, गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा अद्ययावत करून पाठवा. कपाटातून मागच्या वर्षीची फाईल निघते, साल बदलतं, सरपंच बदलले असतील तर नाव बदलतं, सह्या होतात आणि मृग लागायच्या आत कागद वर जातो. महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या गावांत मी अशा बैठकांना बरीच वर्षं बसतोय. लोक निष्काळजी असतात असं मला कधीच वाटलं नाही. चुकतं ते एवढंच, की आराखडा गावठाणातल्या कोरड्या खोलीत बसून होतो आणि वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत कुणी चालत जात नाही.

यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातलं किल्लारी हादरलं, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत, त्याखाली हजारो माणसं गेली. यादी लागतेच, पण ती आजवर जे कळलं त्याची असते. उद्या काय होईल ते तिच्यात नसतं.

म्हणून डोंगर स्वतः चढून बघा. एकदा मे महिन्यात, आणि पावसाचा जोर झाला की उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा. उताराला नवी भेग पडली आहे का, झाडं किंवा विजेचे खांब एका बाजूला कलले आहेत का, घराची दारं अचानक घट्ट बसू लागली आहेत का, जोत्याला तडे गेलेत का, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय का किंवा एकाएकी आटलंय का, हे बघायचं. वरच्या अंगाला नवा रस्ता काढताना किंवा घरासाठी जागा सपाट करताना उताराचा पायथा कापला असेल तर तिथे आधी जा.

ही चिन्हं सर्वांत आधी दिसतात ती गुराख्यांना आणि पाण्याला, लाकडांना जाणाऱ्या बायकांना, आणि बैठकीला नेमक्या त्याच नसतात. एका वाडीत बैठक संपवून निघताना एक काकी म्हणाल्या, "झऱ्याचं पानी दोन दिस लाल येतंय, पन मला कोन इचारतंय?" चढून पाहिलं, तर झऱ्याच्या माथ्यावर करवंदीच्या जाळीत हात आत जाईल एवढी भेग होती. तेव्हापासून मी बैठक वाडीतच घेतो आणि पहिला प्रश्न बायकांना विचारतो.

भेग सापडली तर दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, दोन्हींतलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा आणि रोज पुन्हा मोजा. खाली उभं राहून मोजू नका, आणि पाऊस चालू असताना तिकडे जाऊच नका. अंतर वाढतंय असं दिसलं की फोटोसह तहसीलदारांना लेखी कळवा, भूवैज्ञानिक तपासणीची मागणी करा, आणि त्या उताराखालची घरं उत्तराची वाट न बघता रिकामी करा.

फक्त आपल्या अंगणातला पाऊस बघणं

22 जुलै 2021 ला महाड बुडालं. महाबळेश्वरला त्या 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि सावित्री तिथूनच उतरते. त्यात गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे बाणकोटच्या खाडीत उधाणाचे दिवस. वरून लोंढा आणि खालून भरती, अशा वेळी पाण्याला उतरायला जागाच राहत नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्याच तळियेवर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. एकाच तालुक्यात, एकाच पावसात, दोन वेगळी संकटं. 'आपल्याला पुराचा धोका' किंवा 'आपल्याला दरडीचा धोका' एवढं एका ओळीत लिहून भागत नाही ते यामुळे.

खाडीकाठच्या गावांनी भरतीची वेळ आराखड्यात धरलीच पाहिजे. कोळी लोकांचा जुना हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते.

नदीकाठच्या गावांत दुसरी गफलत होते. बातमीत 'पंचगंगा धोका पातळीवर' असं येतं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. पण हे आकडे त्या जागेचे झाले. तुमच्या गावात त्या वेळी पाणी कुठे असतं? देवळाच्या कितव्या पायरीला? ते जुन्या माणसांना विचारून भिंतीवर तेलरंगाने खूण करा, शेजारी त्या दिवशीचा राजारामचा किंवा आयर्विनचा आकडा लिहा. 2019 चं पाणी कुठवर आलं ते अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, आणखी दहा वर्षांनी नसेल. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा 100 वर्षांतल्या. अंगणवाडी, दवाखाना किंवा पाण्याची मोटर निळ्या रेषेच्या आत असेल तर आराखड्याचं पहिलं काम तेच.

पाऊस मोजायला मोठं यंत्र लागत नाही. सरळ कडांचा, तळाला आणि तोंडाला सारखाच रुंद असा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजा. महसुली हिशेबात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. पण ती महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरची, आणि एका मंडळात अनेक गावं येतात. डोंगरकुशीतल्या वाडीचा पाऊस तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. दरडीसाठी एका दिवसाचा आकडा पुरत नाही, मागच्या तीन दिवसांची बेरीज बघा. डोंगर भिजून जड व्हायला तेवढा वेळ जातो.

'लोक घर सोडतच नाहीत' असं म्हणून मोकळं होणं

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलंय. माणूस उगाच हट्ट करत नाही. त्याला काय अडवतंय ते शोधलं तर निम्मा गुंता तिथेच सुटतो.

बहुतेक वेळा अडवतात ती जनावरं. दावणीला दुभती म्हैस असेल तर बाई शाळेत झोपायला येणार नाही, आणि का यावं तिने? निवाऱ्याइतकीच गुरांची जागा आराखड्यात लिहा: कुणाचं रान, चारा कुणाकडे, वैरण कधी हलवायची. वेळच नसेल तर निदान दावं सोडायचं, हे आधी ठरलेलं असू दे. आणि हलवायचं तर पाणी रस्त्यावर यायच्या आत. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला झेपत नव्हती एवढी माणसं बसलेली बोट उलटली. बोट हा शेवटचा उपाय झाला. गावात बोट असेल तर ती किती जणांची आहे ते तिच्यावरच रंगवा आणि तेवढीच लाईफ जॅकेटं मोजून घ्या.

दुसरं कारण म्हणजे निवाराच नीट नसतो. आराखड्यात 'जिल्हा परिषद शाळा' असं लिहिलेलं असतं. मी बघितलेल्या एका शाळेच्या मागेच कापलेला उतार होता, म्हणजे दरडीतून काढून माणसं दरडीखालीच नेणार. दुसऱ्या एका ठिकाणी किल्ली तालुक्याला राहणाऱ्या गुरुजींकडे होती. किल्ल्या दोन करा, एक शाळेजवळच्या घरात ठेवा. संडास चालू आहे का, बायकांना वेगळी खोली आहे का, चूल कुठे पेटणार, एवढं बघितलं तरी लोक येतात.

तिसरं कारण, मागच्या वेळी बोलावलं आणि काहीच झालं नाही. याला उपाय म्हणजे ऐनवेळच्या मर्जीवर काही न ठेवणं. तीन दिवसांची बेरीज अमुक झाली किंवा पाणी अमुक पायरीला लागलं की वरची बारा घरं उठणार, हे ग्रामसभेत उन्हाळ्यातच ठरवा. मग रात्री पोलीस पाटलांना कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

फोनवर सगळी भिस्त ठेवणं

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. त्यानंतर रायगडात कितीतरी गावं दिवसचे दिवस विजेविना होती. टॉवर बंद, फोन बंद. आराखड्यातली नंबरांची यादी अशा वेळी कागदच राहते, त्यातले निम्मे अधिकारी बदलून गेलेले असतात ते वेगळंच. तातडीच्या मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर दारामागे लिहून ठेवा, पण निरोप फोनशिवाय कसा जाईल तेही ठरवा. देवळाची घंटा सलग वाजली की काय करायचं? वरच्या वाडीला निरोप कोण नेणार, आणि तो मुंबईला गेला असेल तर कोण? दहा घरांमागे एक माणूस आणि त्याच्या बदली एक, अशी नावं लिहा.

मदतही लगेच येईल असं धरू नका. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकं पावसातून डोंगर चढून गेली. पुणे जिल्ह्यातलं माळीण 30 जुलै 2014 ला सकाळी दरडीखाली गाडलं गेलं, ते जगाला कळलं एका एसटी चालकामुळे. पहिले काही तास गावालाच काढायचे आहेत. कुदळी, घमेली, पहारी, दोरखंड, बॅटऱ्या, स्ट्रेचर हे सामान धोक्याच्या उताराखाली नसलेल्या घरात ठेवा.

वीज पडण्याबद्दल आराखड्यात सहसा ओळही नसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप दोन-तीन तरुणांच्या फोनवर असू दे, आणि गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबायचं नाही हे शेतमजुरांना लावणीआधी सांगा. आधार, सातबारा, बँकेचं पासबुक जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. पंचनाम्याच्या वेळी त्याचीच धावाधाव होते.

रंगीत तालीम सकाळी अकराला घेणं

अकरा वाजता सगळे जागे, चप्पल पायात, ऊन पडलेलं. पोलादपूरकडच्या एका वाडीत आम्ही तालीम रात्री दोनला घेतली, जूनमध्ये, भुरभुर पावसात, वीज बंद करून. दिवसा शेवटच्या घरापासून शाळेपर्यंत बारा मिनिटं लागली होती. त्या रात्री चाळीस लागली. अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंना उचलायला चौघं ठरली होती, त्यातली दोघं कामाला पुण्यात. उरलेल्यांनी त्यांना खुर्चीत बसवून आणलं, आणि सगळी रांग अडली ती ओढ्यावरच्या साकवाशी, म्हणजे फळ्यांच्या छोट्या पुलाशी. फळ्या शेवाळल्या होत्या, कठडा नव्हता, आणि दोन्ही हातांत खुर्ची. आराखड्याच्या नकाशात तो साकव 'मार्ग' म्हणून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी तरुण मंडळाने फळ्या खरवडल्या, दोन्ही बाजूंनी कंबरेच्या उंचीवर दोरखंड बांधला आणि चौघांच्या जागी आठ नावं लिहिली. पुढच्या तालमीला अठरा मिनिटं लागली. आजीबाईंनी स्वतःच विचारलं, पुढची कधी?